कावड आणि बुणगे

भाईंदरला राहणाऱ्या माणसाला सामान कमी न्यावे असा उपदेश करण्याची गरज नसते. सकाळच्या गाडीत हातात एक छत्री जास्त झाली तरी तिचे काय करावे हा प्रश्न चर्चगेटपर्यंत पुरतो. पिशवी पाठीवर ठेवली तर मागचा बोलतो, पोटाशी धरली तर पुढचा बोलतो, आणि फळीवर ठेवावी म्हटले तर फळी विरारपासूनच भरून आलेली असते. तीस-पस्तीस वर्षे असा प्रवास केला की माणूस वस्तुमात्राकडेच संशयाने पाहू लागतो. डबा चपटा असावा, छत्री घडीची असावी, पिशवीला बाहेरून कप्पे नसावेत, अशी त्याची मते पक्की होत जातात. माझीही झाली. फरक इतकाच, की इतरांची ही मते दादर-अंधेरीला उतरताना संपतात. मी ती घरी आणली, सुट्टीच्या प्रवासाला लावली, आणि पुढे पुढे तर त्यांनाच तत्त्वज्ञान समजू लागलो.

एक पिशवी, हे ते तत्त्वज्ञान. अंगावरचा धरून दोन सदरे, एक लेंगा, एक पंचा, दाढीचे सामान, औषधाच्या गोळ्या आणि एक पुस्तक. सारे मिळून चार किलोंच्या आत. हे मी अंदाजाने सांगत नाही. रद्दीवाल्याकडे असतो तसला एक स्प्रिंगचा काटा मी विकत घेऊन ठेवला आहे आणि निघण्यापूर्वी पिशवी त्याला टांगून पाहिल्याशिवाय मी दाराबाहेर पडत नसे. रेल्वे शयनयानाच्या प्रवाशाला ४० किलो सामान फुकट नेऊ देते, साध्या दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशालाही ३५ किलो नेऊ देते. एवढ्या उदारपणाचा मी दहावा हिस्साही घेत नाही, याचा मला कोण अभिमान होता! फलाटावर चार-चार बॅगा, वर लाडवाचा डबा आणि पाण्याचा कॅन घेऊन धापा टाकणारी कुटुंबे दिसली, की माझ्या चेहऱ्यावर एक प्रकारची साधुवृत्ती पसरत असावी. आमच्या सौ.ला ती मुळीच आवडत नसे.

तिची पिशवी ही वेगळीच वस्तू आहे. तीत सुईदोरा, ओवा, सुंठ, दोन जादा टॉवेल, एक जुनी चादर, मेणबत्ती, दोरीचे वेटोळे आणि कुणाकडे द्यायच्या म्हणून केलेल्या चकल्या असतात. मी या साऱ्याला ‘बाजारबुणगे’ म्हणत असे. ती म्हणे, “अहो, पण तुम्हाला लागतं ते याच बुणग्यांतून काढून देते ना मी?” हे उत्तर मी विनोदात काढीत असे. आज काढवत नाही.

‘बुणगे’ हा शब्द आपल्याकडे फौजेतून आला. फौजेबरोबर चालणारे जड सामान आणि न लढणारी माणसे म्हणजे बुणगे. आता नुसत्या हलक्या लोकांना आपण बाजारबुणगे म्हणतो. परंतु मुळात तो शब्द शिवीपेक्षा हिशोबाचा अधिक होता. लढाईला निघताना बरोबर काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासात फार मोठा आहे, आणि माझ्या मताला मी आधारही तेथूनच घेत असे.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा जो कायदा दिला आहे, तो कोणत्याही प्रवाशाने वाचावा. पावसाळ्यात फौज छावणीस असायची. दसरा झाला की मुलूखगिरीला बाहेर पडायचे. निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी करायची आणि परतल्यावर ती पुन्हा ताडून पाहायची. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत. या कायद्यामुळे ती फौज आज येथे तर उद्या तेथे अशी दिसे, आणि तंबू, हत्ती, बाजार बरोबर घेऊन चालणारी मोगलांची छावणी तिच्यामागे धावून दमून जाई.

याच्या उलट दुसरे चित्र. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले, तेव्हा फौजेबरोबर सरदारांची कुटुंबे होती, व्यापारी होते, आणि एवढी मोठी फौज जातेच आहे तर तिच्या आसऱ्याने उत्तरेतली तीर्थे करून घ्यावीत म्हणून निघालेले यात्रेकरूही होते. न लढणाऱ्यांची संख्या लढणाऱ्यांहून अधिक होती असे इतिहासकार सांगतात. कुटुंबे आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवा आणि सडी फौज घेऊन लढा, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता. तो मानला गेला नाही. पुढे अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली, दक्षिणेचा रस्ता तुटला, आणि पानिपतावर अडीच महिने एवढ्या तोंडांना अन्न पुरवता पुरवता फौज उपाशी पडली. १४ जानेवारी १७६१ चा दिवस कसा गेला हे सांगावयास नको. पानिपताच्या पराभवाला कारणे अनेक आहेत, पण बुणग्यांचे कारण कोणी वगळीत नाही.

शिवाजी आणि पानिपत यांच्यामध्ये माझी चार किलोंची पिशवी मी ठेवीत असे, आणि ती कोणत्या बाजूची हे उघडच होते.

सामान हलके झाले की वेळेचा हिशोबही तसाच करावासा वाटतो. गाडीतून उतरलो, की फलाटावर हमाल शोधायला नको, बॅगा मोजायला नकोत. मग एका प्रवासात दोन कामे का, चार का नकोत? मी कागदावर तासांचे चौकोन आखून प्रवास करू लागलो. अशाच एका मे महिन्यात राजापूरकडे जायचे ठरले. दादरहून रात्रीची गाडी, सकाळी राजापूर रोड, आणि दोन दिवसांत चार कामे: जमिनीच्या सातबाऱ्याची नक्कल, चुलतभावाची वास्तुशांत, त्या वर्षी उन्हाळ्याला गंगा आली होती तिचे दर्शन, आणि अक्काची भेट.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. निघण्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. “येतोयस तर आईची गोधडी आण रे बाळा. पावसाळा तोंडावर आलाय. गुडघ्यांवर घ्यायला बरी पडते.”

आईच्या दोन जुन्या लुगड्यांची ती गोधडी. टाके अक्काचेच. आई शेवटची काही वर्षे आमच्याकडे भाईंदरला होती, तेव्हा ती गोधडी तिच्याबरोबर आली आणि पुढे आमच्याच कपाटात राहिली. मी ती काढली, घडी घातली आणि काट्याला लावली. सव्वादोन किलो. पिशवीत मावेना. वेगळे गाठोडे करावे लागले असते, म्हणजे एका हाताला गाठोडे, वास्तुशांतीला गाठोडे, तलाठ्याकडे गाठोडे. सौ. म्हणाली, “मी बांधून देते, दोरी आहे.” मी म्हणालो, “पुढच्या खेपेला नेऊ. एका गोधडीसाठी सारा बेत बिघडतो.” आणि गोधडी पुन्हा कपाटात गेली.

अक्काकडे मी पस्तीस मिनिटे होतो. रिक्षा आवारात उभी करून ठेवली होती. तिने पन्हे दिले. माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले, आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाली, “असू दे, दिवाळीला आण.” मग आत जाऊन तिने आगळाची बाटली आणि केळीच्या पानात बांधलेली फणसाची साठे आणली. मी म्हणालो, “अक्का, पिशवीत जागा नाही गं.” ती हसली, “तुझी पिशवी म्हणजे संन्याशाची झोळी,” असे काहीसे म्हणाली आणि दोन्ही वस्तू पुन्हा फडताळात ठेवून आली. मी वेळेवर निघालो. चारही कामे झाली. रविवारी सकाळी भाईंदरला उतरलो तेव्हा पिशवी जाताना होती त्याहून थोडी हलकीच होती, कारण पुस्तक मी वाचून चुलतभावाला देऊन टाकले होते.

श्रावणात अक्का गेली. दिवाळी यायची होती.

हे लिहिताना कोणाची सहानुभूती मिळवावी असा हेतू नाही. अक्काचे वय झाले होते. गोधडी नेली असती तर ती आणखी जगली असती असे नाही. प्रश्न माझा आहे. जे मी सद्गुण म्हणून इतकी वर्षे मिरवले, तो सद्गुण होता का? आणि नसेल, तर सभासदाच्या बखरीपासून आजवर ज्यांनी ज्यांनी हलके चालायला सांगितले, ते सारे चुकले काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये जैनांची वस्ती मोठी आहे. भल्या पहाटे फिरायला निघालो, की पांढरी वस्त्रे नेसलेल्या साध्वींचा लहानसा मेळा अनवाणी चालत जाताना पुष्कळदा दिसतो. हातात दांडा, काखेत लोकरीचा ओघा, कापडात बांधलेली लाकडी पात्रे. बस, एवढेच सामान. घोडबंदरकडून यायचे आणि एखाद्या उपाश्रयात थांबायचे. वाहनात बसायचे नाही, त्यामुळे जे न्यायचे ते स्वतःच्या अंगावर. माझ्या चार किलोंचा तोरा त्यांच्यापुढे कोठल्या कोठे जातो. परंतु त्यांच्याकडे पाहताना आता दोन गोष्टी माझ्या ध्यानात येतात, ज्या पूर्वी येत नव्हत्या.

पहिली ही, की त्यांच्याजवळ जे नाही, ते नसण्याचा त्रास त्या स्वतः सोसतात. पायांत काही नाही तर पाय पोळतात ते त्यांचेच. गोचरीला त्या दारोदार जातात हे खरे, पण एका घरावर भार पडू नये म्हणून थोडे थोडे घेतात. माझ्या पिशवीत टॉवेल नव्हता, चादर नव्हती, छत्री नव्हती, फोनची तारसुद्धा कित्येकदा नसे. तरी माझे कधी अडले नाही. का? तर ज्याच्या घरी उतरलो त्याने टॉवेल दिला, चादर दिली, पाऊस आला तेव्हा स्वतःची छत्री दिली. उरलेले सौ.च्या बुणग्यांतून निघाले. माझे ओझे कमी झालेच नव्हते. ते फक्त माझ्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेले होते, आणि वर त्या दुसऱ्यालाच मी हसत होतो. अपरिग्रह म्हणजे वस्तूंची गरज कमी करणे. गरज तेवढीच ठेवून वस्तू दुसऱ्याने बाळगावी अशी व्यवस्था करणे, याला वेगळे नाव हवे. व्यवहारात त्याला फुकटेपणा म्हणतात.

दुसरी गोष्ट ही, की त्या थांबतात. आषाढापासून कार्तिकापर्यंत चार महिने त्या एके ठिकाणी राहतात. तेथल्या माणसांना त्यांचा सहवास मिळतो. शिवाजी महाराजांच्या फौजेचा हिशोबही वेगळा नव्हता. कारणे निराळी, पण आठ महिने चालायचे आणि चार महिने बसायचे, हे दोन्हीकडे आहे. मी चालण्याचे कलम तेवढे उचलले आणि बसण्याचे सोडून दिले.

आमच्या खाडीच्या या बाजूला उत्तनजवळ धारावीचा किल्ला होता, आणि पलीकडे वसई आहे. चिमाजी आप्पांनी साष्टी-वसईची मोहीम १७३७ त सुरू केली आणि वसई हाती आली १७३९ च्या मे महिन्यात. दोन वर्षे. तटाखाली सुरुंग खणावे लागले, ते उडवावे लागले, खिंडारातून माणसे मरत मरत आत शिरली. नुसत्या धावत्या स्वारीने वसई मिळाली नसती. लुटून परत फिरायचे असेल तेथे सडी स्वारी चालते. जेथे आपले काही कायमचे असावे असे वाटते, तेथे तळ द्यावा लागतो, आणि तळ दिला की सामान आलेच. मी अक्काच्या घरी गेलो तो भेटीला गेलो असे म्हणत होतो. वास्तविक ती स्वारी होती. पस्तीस मिनिटांत एक नाव यादीतून खोडून मी परतलो होतो.

मग सामान घेणेच बरे काय? फलाटावर चार बॅगा घेऊन धापा टाकणारा गृहस्थ शहाणा आणि मी मूर्ख काय? असेही मला म्हणवत नाही. त्या बॅगांमध्ये काय असते हे मला ठाऊक आहे, कारण काही वेळा ती उचलून देण्याचा प्रसंग माझ्यावर आला आहे. ‘न जाणो लागले तर’ म्हणून घेतलेले स्वेटर, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घेतलेल्या तीन पैठण्या. ही भीती आणि ही मिरवणूक हे खरे बुणगे. ते मागे ठेवावेत यात शंका नाही. चुकलो ते एवढ्यात, की मी सारे ओझे एकाच काट्याला लावले. काटा वजन सांगतो. ते कोणासाठी आहे हे त्याला सांगता येत नाही.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपल्याकडे पुष्कळांनी वाचला असेल. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेस गेला. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असे कळले होते. वाटेत बंडाने गाठले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो झाशीत होता. पैसे मिळाले ते लुटले गेले, पुन्हा मिळाले, पुन्हा लुटले गेले. म्हणजे मिळकतीचे ओझे त्याच्याजवळ फारसे उरलेच नाही. तशा अवस्थेत सडे घरी परतायला कोणी नाव ठेवले नसते. पण या माणसाने काशीला जाऊन गंगेची कावड घेतली आणि ती खांद्यावरून, पायी, कोकणापर्यंत आणली. आईवडिलांना गंगेचे स्नान घालायचे होते. तेवढ्यासाठी त्याने शेकडो मैल पाणी वाहिले. सोने राहिले नाही, पाणी मात्र घरी पोचले. पुढे ही हकीकत त्याने लिहून काढली आणि भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी ती १९०७ साली छापली.

एकेकाळी हा भाग वाचताना मला त्या कावडीचे नवल वाटे आणि थोडा अव्यवहारीपणाही वाटे. वाटेत इतक्या नद्या असताना काशीचे पाणी खांद्यावर! आता वाटते, की त्या सबंध प्रवासात हलका चालला तो विष्णुभटच. जे हरवायचे होते ते हरवू दिले, आणि जे पोचवायचे होते ते खाली टेकवले नाही.

येथे एक शंका राहते आणि ती मी लपवीत नाही. पानिपतावरचे यात्रेकरूही कोणाचे आईबाप होतेच. त्यांना बरोबर घेणे हीसुद्धा एक कावडच नव्हे काय? मग भाऊसाहेबांचे चुकले कोठे? मला वाटते, माणसे बरोबर घेतली यात दया होती. पण ज्या कामाला निघालो ते आणि ही दया एकाच रस्त्याने जाऊ शकतात का, हे निघतानाच ठरवायला हवे होते. यमुनेचा उतार बंद झाल्यावर ते ठरवता येत नाही. दोन्ही कामे चांगली असतात म्हणून ती एका प्रवासात बसतातच असे नव्हे. माझ्या बाबतीतही तसेच झाले. सातबाऱ्याची नक्कल वाईट नव्हती, वास्तुशांत वाईट नव्हती. मला लढाईचे संकट नव्हते. एखादे काम मागे ठेवायला कोणाची हरकत नव्हती. चारांपैकी काय मागे ठेवावे हे मी ठरवले, आणि ज्या एका गोष्टीची कोणी वाट पाहत होते तीच मागे ठेवली.

या दिवाळीत आम्ही दोघे राजापूरला जाणार आहोत. अक्काची धाकटी जाऊ त्याच घरात असते. चाळीस वर्षे दोघी एका चुलीवर वागल्या. तिचेही गुडघे दुखतात असे कळले. सौ.ने गोधडीला ऊन दाखवले, एके ठिकाणी धावदोरा सुटला होता तो घातला, आणि तिच्या त्या जगप्रसिद्ध दोरीने गाठोडे बांधून दाराशी ठेवले आहे. यामुळे झाले ते पुसले जाईल असे मी मानीत नाही. गोधडी जिच्याकडे पोचायची होती तिच्याकडे ती पोचली नाही, आणि ते तसेच राहणार.

काटा मी अजून टाकून दिलेला नाही. माझी पिशवी अजून चार किलोंच्या आतच आहे, कारण दोन सदऱ्यांत माझे खरोखरच भागते. फक्त या खेपेला टॉवेल माझा मी घेतला आहे, चकल्यांचा डबा मी उचलणार आहे, आणि पाच दिवसांच्या कागदावर चौकोन आखलेले नाहीत. येताना आगळाची बाटली कोणी दिली, तर तिच्यासाठी एक रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली आहे.